धागा: फ्रीडरिश विल्हेल्म फॉन झायडलिट्स – दौडीपेक्षा मुरड मोठी

रिकीब (मूळ लेख)

प्रशियाच्या दुसऱ्या फ्रीडरिशच्या (फ्रेडरिक द ग्रेट) फौजेचा विषय निघाला की पायदळाची कवायत, तिरक्या फळीचा हल्ला आणि बटाटे, एवढ्यावर गाडी अडते. घोडदळाची वेळ आली की हल्ल्याची खूण म्हणून हवेत पाइप भिरकावणारा झायडलिट्स येतो आणि दोन ओळींत जातो. त्याच्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस राहून गेलं होतं.

जन्म 3 फेब्रुवारी 1721, ऱ्हाइनकाठच्या क्लेव्ह प्रांतातल्या काल्कार गावी. बाप घोडदळात कप्तान. पोरगा सात वर्षांचा असताना वारला. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाची रवानगी ओडर नदीवरच्या श्वेट इथे मार्ग्राव्ह (जर्मन सरदारकीची एक पदवी) फ्रीडरिश विल्हेल्मच्या पदरी झाली. हा मार्ग्राव्ह ‘वेडा’ म्हणूनच प्रसिद्ध होता. फिरत्या पवनचक्कीच्या पात्यांमधून घोडा काढणं वगैरे कथा इथल्याच. खऱ्याखोट्याचा निवाडा होणार नाही, पण कुठल्याही जनावरावर कशीही मांड टाकायची सवय तिथे लागली हे नक्की.

1740 ला तो मार्ग्राव्हच्या क्युरासिअर (छातीवर पोलादी पत्रा घालणारे जड स्वार) रेजिमेंटमध्ये कॉर्नेट (सर्वांत कनिष्ठ अधिकारी) झाला. 1742 मध्ये क्रानोविट्झ या खेड्यात मूठभर स्वारांनिशी अडकला, मागून मदत आली नाही, पकडला गेला आणि अदलाबदलीत सुटला. राजाने त्याला 1743 मध्ये हुस्सारांत, म्हणजे हलक्या स्वारांत, कप्तान केलं. वय 22. जून 1745 मध्ये होहेनफ्रीडबेर्गला त्याने एक सॅक्सन जनरल जिवंत धरून आणला आणि पुढच्याच महिन्यात मेजर झाला. 1752-53 मध्ये आधी एका ड्रॅगून (मध्यम वजनाचे स्वार) रेजिमेंटची आणि मग सायलेशियातल्या ओलाऊ इथल्या क्युरासिअर रेजिमेंट क्र. 8 ची सूत्रं हाती आली. हुस्सार, ड्रॅगून, क्युरासिअर अशी तिन्ही प्रकारची घोडी आणि माणसं हाताखालून गेलेला अधिकारी त्या फौजेत विरळा होता. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग सात वर्षांचं युद्ध (1756-63). 18 जून 1757 ला कोलीनला ऑस्ट्रियनांपुढे प्रशियन हरले, पण याच्या ब्रिगेडने नाव राखलं आणि दोन दिवसांत तो मेजर जनरल झाला. हुस्सारांचा नामांकित जनरल त्सीटन याने अभिनंदन केलं तेव्हा ‘अजून काही काम करून घ्यायचं असेल तर वेळ झालीच होती, छत्तीस वर्षांचा झालो’, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. नोव्हेंबरात रॉसबाख. तिथून लेफ्टनंट जनरल, ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च मान आणि क्रमांक 8 ची मालकी. पाच महिन्यांत दोन पायऱ्या.

माझा मुद्दा एवढाच: झायडलिट्सचं वैशिष्ट्य वेग किंवा धाडस नव्हे. ते त्या काळी पुष्कळांकडे होतं. एकदा सुटलेलं घोडदळ परत एका जागी गोळा करून दुसऱ्यांदा, वेगळ्या दिशेने सोडता येणं ही त्याची विद्या.

शंकासूर

छान लेख, वाचनखूण साठवली. पण ‘परत गोळा करणं’ यात एवढं अवघड काय? कर्णा वाजवला की स्वार परत यायला हवेत ना?

गोलंदाज

अवघड काय ते आकड्यांतच पाहा.

प्रशियन क्युरासिअर रेजिमेंट म्हणजे पाच स्क्वाड्रन. एका स्क्वाड्रनमध्ये ढोबळमानाने दीडशे घोडी धरा. तीन रांगांत उभी केली तर आघाडीला पन्नास. गुडघ्याला गुडघा लावून उभं राहायचं, म्हणजे एका घोड्याला जेमतेम मीटरभर जागा. एका स्क्वाड्रनची रुंदी झाली पन्नास मीटर आणि वीस स्क्वाड्रनची भिंत एक किलोमीटर. युद्ध लांबलं, संख्या घटली, तशा तीनाच्या दोन रांगा होत गेल्या.

धावण्याचं अंतर राजाने टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. 1748 मध्ये हल्ल्याची एकूण दौड 700 पावलं, 1750 मध्ये 1,200 आणि 1755 मध्ये 1,800; त्यातली शेवटची 600 चौखूर. पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर 1,800 पावलं म्हणजे साडेतेराशे मीटर. पहिले नऊशे मीटर दुडक्या चालीने, साधारण चार मिनिटं. उरलेले साडेचारशे चौखूर, एक मिनिट. शेवटच्या शंभर पावलांत पायदळाला दहा-अकरा सेकंद मिळतात, म्हणजे एकच बार. तो लवकर उडवला तर बंदूक पुन्हा भरायला वेळ नाही.

आता ही हजार मीटरची भिंत समोरच्यावर आदळल्यावर काय उरतं? घोडी पांगलेली, निम्म्यांचा दम गेलेला, काही स्वारांशिवाय पळताहेत, काही स्वार शत्रूच्या सामानावर तुटून पडलेत. दुडकी सोडून चौखूर उधळणं दोनशे पावलं आधी झालं असेल तर धडकेच्या वेळी घोडा फक्त वजन म्हणून उरतो. अशा गर्दीला कर्णा ऐकू गेला तरी वळायचं कुणाकडे, हे माहीत असावं लागतं.

रिकीब

नेमकं. आणि ते शांततेच्या काळात घोटून घ्यावं लागतं. स्क्वाड्रन मुद्दाम विस्कटायचं, कर्णा द्यायचा, प्रत्येकाने आपल्या निशाणाकडे यायचं, आणि निशाण ज्या दिशेला तोंड करून उभं असेल त्या दिशेला तोंड करून रांग धरायची. जुन्या दिशेला नव्हे. गोम इथेच आहे. परत आलेलं घोडं मागच्याच वाटेने निघू पाहतं.

त्यासाठी आधी प्रत्येक स्वाराला एकट्याने घोडा चालवता यायला हवा. थोरल्या फ्रीडरिश विल्हेल्मच्या काळात (हा राजाचा बाप, श्वेटचा मार्ग्राव्ह वेगळा, नावांचा दुष्काळ होता त्या घराण्यात) घोडदळ म्हणजे उंच घोड्यांवर बसवलेले उंच गडी. घोडी गुबगुबीत राहावीत म्हणून फिरवायची कमी, आणि गोळीबार खोगिरावरून. 10 एप्रिल 1741 ला मॉल्विट्झला ऑस्ट्रियन जनरल र‍्योमरच्या स्वारांनी ती भिंत एका धडकेत फोडली. पायदळाने लाज राखली. हे घोडदळ सैतानाने उचलून न्यायच्याही लायकीचं नाही, अशा अर्थाचं राजा बोलून गेला. त्यानंतर नियम बदलले: हल्ला चालू असताना गोळीबार बंद, हातात सरळ पात्याची जड तलवार, आणि जो अधिकारी शत्रूचा हल्ला उभ्याने झेलेल त्याची अप्रतिष्ठेने हकालपट्टी.

नियम राजाचे. पण त्या नियमांना पुरी पडतील अशी माणसं-घोडी ओलाऊत तयार झाली. रेतीच्या रिंगणात गोल गोल नव्हे, तर नांगरट, खड्डे, कुंपणं, ओढे यांतून. माना मोडायच्या. राजाने त्याबद्दल कुरकुर केली तेव्हा ‘थोड्या मोडक्या मानांचा एवढा बाऊ केलात तर लढाईत हवे तसे स्वार मिळायचे नाहीत’, असं हा म्हणाल्याची आख्यायिका आहे.

नकाशेवाली

रॉसबाख नकाशावर मांडल्याशिवाय हे पटत नाही. मांडते.

5 नोव्हेंबर 1757, सॅक्सनीत, झाले नदीच्या पश्चिमेला. राजाकडे सुमारे 22,000. समोर सूबीझचे फ्रेंच आणि हिल्डबुर्गहाउझेनच्या राजपुत्राच्या हाताखालची पवित्र रोमन साम्राज्याची फौज, मिळून 41,000 च्या घरात. त्यांनी ठरवलं की प्रशियनांच्या डाव्या बगलेला वळसा घालून पिछाडी गाठायची. दुपारी प्रशियन छावणीतले तंबू झपाट्याने उतरले, ते पाहून त्यांना वाटलं राजा पळतोय. मग घाई. घोडदळ पुढे, पायदळ मागे, सगळे कूच करण्याच्या स्तंभात, आणि पुढे टेहळणीला धड कुणी नाही.

मधे यानुस नावाची बुटकी टेकडी. टेकडी म्हणायचं इतकंच, पण पलीकडचं झाकायला पुरेशी. तिच्या आडून झायडलिट्स 38 स्क्वाड्रन घेऊन समांतर निघाला: 23 क्युरासिअर, 10 ड्रॅगून, 5 हुस्सार, एकूण चारेक हजार घोडी. हाताखाली त्याच्याहून सेवाज्येष्ठ जनरल होते. त्यांना ‘मी राजाचं ऐकतो, तुम्ही माझं ऐकायचं’ एवढंच सांगितल्याचं म्हणतात. शत्रूच्या स्तंभाच्या तोंडापुढे जाईपर्यंत टेकडीची आड सोडली नाही. राइशार्ट्सवेर्बन गावाजवळ माथ्यावर आला, शत्रूकडे फळी वळवली आणि सोडली. पाइप इथे उडाला.

ऑस्ट्रियाच्या दोन क्युरासिअर रेजिमेंटी, ब्रेटलाख आणि ट्राउटमान्सडॉर्फ, तेवढ्यातही फळी धरून भिडल्या. बाकीच्यांना स्तंभातून फळीत यायला वेळच नव्हता. झायडलिट्सने दुसरी फळीही घातली आणि समोरचं घोडदळ पार उधळलं.

रिकीबचा मुद्दा यानंतर येतो. त्या शतकातलं कुठलंही घोडदळ इथून पाठलागाला सुटलं असतं आणि संध्याकाळी तीन कोसांवर सापडलं असतं. हा थांबला. टागेवेर्बनजवळच्या खोलगट जागेत स्क्वाड्रन पुन्हा उभी केली. आता तो शत्रूच्या पायदळाच्या उजव्या बगलेला, किंचित मागे होता. टेकडीवरून कर्नल मोलरच्या 18 जड तोफा चालू होत्या आणि राजाचा भाऊ प्रिन्स हेन्री याच्या हाताखालच्या फक्त सात बटालियन पायदळाने गोळीबार केला. समोरचं पायदळ डगमगायला लागलं त्याच क्षणी ही स्क्वाड्रन बगलेवर आली. दोन तासांच्या आत सगळं आटोपलं. प्रशियनांचे मेलेले-जखमी मिळून साडेपाचशेच्या आसपास, समोरच्यांचं नुकसान दहा हजारांच्या घरात, त्यात निम्म्याहून जास्त कैदी. झायडलिट्स स्वतः जखमी झाला.

शंकासूर

बगलेवर येणं कळलं. पण खोलगट जागाच का?

नकाशेवाली

तीन कारणं. गोळ्या वरून जातात. शत्रूला दिसत नाही, त्यामुळे तिकडे पायदळ वळवून ठेवायची बुद्धी त्याला होत नाही. आणि घोड्यांना दम खायला पाच-दहा मिनिटं मिळतात. चौखूर धावलेलं घोडं लगेच पुन्हा सोडलं तर दुसरा हल्ला दुडकीवरच संपतो.

गोलंदाज

फळीचं आणखी थोडं. हल्ला फसायची कारणं बहुतेक वेळा शत्रूची नसतातच.

पहिलं म्हणजे चेपाचेपी. स्वार नकळत मधल्या निशाणाकडे सरकतात. मधली घोडी दोन्हीकडून दाबली जातात, काहींचे पाय जमिनीवर टेकतही नाहीत, आणि कडेला भगदाडं पडतात. म्हणून नजर निशाणाकडे पण लगामाचा हात सरळ, हे महिनोन्महिने घोकवायचं. दुसरं, सगळी घोडी सारख्या वेगाची नसतात. मधली पुढे गेली की फळीचं धनुष्य होतं आणि शत्रूवर एकेक घोडा आदळतो, भिंत नाही. उपाय असा की चौखूर असलं तरी वेग सर्वांत मंद घोड्याचा. तिसरं म्हणजे दुसरी फळी फार जवळ असणं. पहिली फिरली तर तिच्याच अंगावर येते. म्हणून पहिली फळी जवळजवळ सलग क्युरासिअरांची, मागे ड्रॅगून मुद्दाम फटी ठेवून, आणि हुस्सार बगलेला किंवा तिसऱ्या फळीत. पाठलाग हुस्सारांचा. जड घोडी होल्श्टाइनकडची, पाठलागाला महाग. हुस्सारांची पोलंडकडची, चिवट आणि स्वस्त.

इथे शिलेदारी नव्हती हेही पाहा, सगळे बारगीर. घोडा स्वाराचा नसल्यामुळे तो वाचवायला कुणी मागे रेंगाळत नसे.

चष्मेबहाद्दर

गोथा राहिलं की! 19 सप्टेंबर 1757, रॉसबाखच्या आधी दीड महिना. गोथा गावात सूबीझचे आठेक हजार लोक मुक्कामाला. झायडलिट्सकडे ड्रॅगून आणि हुस्सार मिळून दीड हजाराच्या आसपास. त्याने स्वार एकेरी रांगेत पसरवून उभे केले, लांबून मोठी फौज वाटावी म्हणून, आणि मागून राजाची सेना येतेय अशी आवई उठवली. फ्रेंच निघून गेले. हाती सैनिक थोडे लागले, पण स्वयंपाकी, हजाम, नोकरचाकर, नट आणि पोपटसुद्धा मिळाले. नोकरांना परत पाठवून दिलं. ही हुस्सारी खोडी आहे, जड स्वारांच्या सेनापतीला सुचणारी नव्हे. लेखात तिन्ही प्रकारांचं म्हटलंय ते इथे कामी येतं.

शंकासूर

आणि त्सोर्नडॉर्फचं ‘डोकं लढाईनंतर राजाचं’ हे वाक्य?

रिकीब

25 ऑगस्ट 1758, ओडरच्या पूर्वेला, समोर फेर्मोरचे रशियन. वाक्य सगळीकडे येतं: राजा निरोपावर निरोप धाडतो, हा हलत नाही, शेवटी डोकं जाईल अशी धमकी येते, तेव्हा हा म्हणतो, लढाईनंतर डोकं महाराजांचं, लढाई चालू असेपर्यंत त्यांच्याच कामासाठी ते मला वापरू द्या. शब्द तंतोतंत असतील नसतील. तो का हलला नाही ते मात्र नकाशावर दिसतं.

तो होता त्साबेर्न नावाच्या घळीच्या पलीकडे. दलदलीची, उताराची जागा. त्यातून 36 स्क्वाड्रन एका फळीत निघत नाहीत. त्याने आधी ओलांडायच्या जागा पाहून ठेवल्या आणि तीन स्तंभ केले. लवकर गेला असता तर शाबूत रशियन पायदळासमोर, घळीतून एकेक तुकडी बाहेर पडताना सापडला असता. प्रशियाची डावी बाजू मोडली, रशियन पायदळ आणि घोडदळ विजयाच्या भरात रांगा सोडून पुढे धावलं, तेव्हा हा बाहेर पडला. विस्कटलेल्या पायदळावर बगलेतून. त्यातही रशियन पळाले नाहीत, जागेवर उभं राहून संगिनींनी लढले. दुपारनंतर प्रशियनांची दुसरी बाजू मोडायला आली तेव्हा याने 61 स्क्वाड्रन गोळा करून तिकडेही घातली. सकाळी लढलेली घोडी दुपारी दुसऱ्या टोकाला! प्रशियनांचे बारा हजारांच्या वर गेले, रशियनांचे अठरा हजारांच्या आसपास. निकाल कुणाच्या बाजूने, यावर अजून वाद घालता येतो. झायडलिट्स नसता तर आपलं काही खरं नव्हतं, हे राजाने मान्य केलं.

गोलंदाज

कौतुक पुरे, कुनर्सडॉर्फ घ्या. 12 ऑगस्ट 1759, समोर साल्टिकोव्हचे रशियन आणि लाउडोनचे ऑस्ट्रियन. म्यूलबेर्ग टेकडी आणि तिथल्या तोफा हाती आल्यावर थांबा, असं सांगणाऱ्यांत झायडलिट्स होता म्हणतात. राजाने ऐकलं नाही. घोडदळाच्या वाटेत तळी. दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून स्क्वाड्रन बाहेर काढायची, समोर खंदक आणि तोफा. फळी उभी करायला जागाच नाही. वर सांगितलेलं सगळं ज्ञान इथे शून्य. छऱ्यांनी त्याचा हात जायबंदी झाला, त्याला मागे न्यावं लागलं, आणि दिवसअखेर राजाचे पन्नासेक हजारांतले सुमारे एकोणीस हजार गेले.

चष्मेबहाद्दर

त्याआधी 14 ऑक्टोबर 1758 चं होखकिर्शही. पहाटे ऑस्ट्रियन सेनापती डाउनने छावणीच गाठली. त्सीटन आणि झायडलिट्स यांच्या घोडदळाने माघार झाकली म्हणून फौज उरली. त्या दिवशी हल्ल्याचं नाव नाही. एक फळी उभी, दुसरी मागे सरकतेय, मग अदलाबदल. कंटाळवाणं आणि जिवावरचं काम.

शंकासूर

जखमेनंतर संपलाच का मग?

रिकीब

नाही. बरं व्हायला मात्र फार वेळ गेला. 1760 मध्ये बर्लिनमध्ये लग्न झालं. त्याच ऑक्टोबरात रशियन-ऑस्ट्रियन टोळधाड शहरावर आली तेव्हा अर्धवट बरा असूनही बचावात उतरला. 1761 मध्ये प्रिन्स हेन्रीकडे सॅक्सनीत रुजू झाला आणि 29 ऑक्टोबर 1762 ला फ्रायबेर्ग. ती त्या युद्धातली शेवटची मोठी लढाई. 22,000 विरुद्ध 30,000. तिथे त्याने पायदळही चालवलं, ग्रेनेडिअर (निवडक पायदळ) बटालियन घेऊन. घोडदळवाल्याला पायदळ हाताळता येत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

फेब्रुवारी 1763 मध्ये हुबेर्टुसबुर्गचा तह झाला. मग सायलेशियातल्या घोडदळाचा इन्स्पेक्टर, 1767 मध्ये जनरल ऑफ कॅव्हलरी. परदेशातले अधिकारी कवायत बघायला ओलाऊला येत. 8 नोव्हेंबर 1773 ला तिथेच वारला, वय 52.

चष्मेबहाद्दर

अवांतर: बर्लिनच्या विल्हेल्मप्लाट्झवर त्याचा संगमरवरी पुतळा तासार्टने 1780 च्या सुमारास केला. आज त्या परिसरात प्रतिकृती आहे. पहिल्या महायुद्धात ‘झायडलिट्स’ नावाची जर्मन युद्धनौका होती. 1916 च्या जटलंडच्या लढाईत 21 जड गोळे आणि एक टॉर्पेडो खाऊन, पोटात 5,300 टन पाणी घेऊन ती बंदरात परतली. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडला पकडला गेलेला जर्मन जनरल वाल्टर फॉन झायडलिट्स-कुर्झबाख याच विस्तृत घराण्यातला, थेट वंशज नव्हे. आंतरजालावर दोघांची बेमालूम सरमिसळ होते.

शंकासूर

शेवटची शंका. त्सीटन मोठा की हा?

नकाशेवाली

त्सीटन 1699 चा, याच्याहून बावीस वर्षांनी मोठा, पक्का हुस्सार. टेहळणी, पिछाडी, रात्रीच्या चाली यात तो वरचढ. 3 नोव्हेंबर 1760 च्या टोर्गाऊला शेवटी त्यानेच टेकडी घेतली, पण त्याआधी दिवसभर भलतीकडे गुंतून पडला होता. वीस-तीस स्क्वाड्रन एका मुठीत धरून नेमक्या मिनिटाला सोडायची तर झायडलिट्स. तुलना करायचीच असेल तर टोर्गाऊवर वेगळा धागा काढा, इथे पुरणार नाही.

गोलंदाज

टोर्गाऊचा धागा काढणार असाल तर तोफांचं मी लिहितो. तिथे ऑस्ट्रियनांकडे तोफा तीनशेच्या आसपास होत्या, आणि पहिल्या अर्ध्या तासात राजाच्या ग्रेनेडिअरांचं काय झालं हे त्याशिवाय कळत नाही.